अमली पदार्थांची खबर एनसीबीपर्यंत कशी पोहोचवावी: नाशिककरांसाठी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकरोडच्या पुढे, पुणे महामार्गालगतच्या शिंदे गावात एका कारखान्यावर छापा घातला. तिथे मेफेड्रोन, म्हणजे सगळे ज्याला ‘एमडी’ म्हणतात तो अमली पदार्थ, तयार होत होता आणि त्या कारवाईतील मालाची किंमत पोलिसांनी सुमारे तीनशे कोटी रुपये सांगितली. त्या बातमीतील आकड्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट अधिक लागली. या तपासाचा धागा मुंबईत पकडलेल्या किरकोळ विक्रेत्यांपासून निघाला आणि एकेका माणसाला मागे टाकत आपल्या शिंदे-पळसेच्या शिवारापर्यंत आला. ज्या रस्त्याने आपण सिन्नरला रोज ये-जा करतो, त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर हे चालू होते. काही पाहिले तर ते कुणाला, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या तपशिलासह सांगायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. त्यासाठी हे लिहिले आहे.

आधी ज्या यंत्रणेला आपण कळवणार आहोत, तिच्याविषयी थोडे. केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजेच एनसीबी, हा १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली, ज्याला सर्वत्र एनडीपीएस कायदा म्हणतात, १७ मार्च १९८६ रोजी स्थापन झाला. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, मुख्यालय नवी दिल्लीत आहे आणि नाशिक त्याच्या मुंबई विभागीय कार्यालयाच्या कक्षेत येते. आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय टोळ्यांचा माग काढणे, राज्यांचे पोलीस, सीमाशुल्क विभाग आणि महसूल गुप्तचर संचालनालय यांच्यात ताळमेळ ठेवणे, आणि ज्या रसायनांपासून अमली पदार्थ बनू शकतात त्यांच्या व्यवहारावर नजर ठेवणे ही त्याची मुख्य कामे आहेत. याच समन्वयासाठी ‘एनकॉर्ड’ नावाची चार स्तरांची रचना आहे आणि तिच्या जिल्हा समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. एवढी रचना असली तरी सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या प्रत्येक बंद गाळ्यात डोकावणे कोणत्याही विभागाला शक्य नाही. त्या गाळ्याशेजारून रोज जाणारा माणूस मात्र तिथे असतोच.

कोणता क्रमांक कशासाठी

एनसीबीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३३ आहे. ‘मानस’, म्हणजे मादक पदार्थ निषेध आसूचना केंद्र, या नावाने ती १८ जुलै २०२४ रोजी सुरू झाली. ती निःशुल्क आहे, चोवीस तास चालते, आणि नाव न सांगताही माहिती देता येते. ज्यांना फोनवर बोलणे अवघड वाटते त्यांच्यासाठी मानसचे संकेतस्थळ आहे आणि उमंग ॲपवरूनही माहिती पाठवता येते. लिहून पाठवण्याचा एक फायदा असा, की घाईत सुटलेला तपशील पुन्हा वाचून भरता येतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे आणि अमली पदार्थांची १९३३. शेवटच्या एका आकड्यामुळे माणसे चुकीच्या ठिकाणी बोलत राहतात, म्हणून दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये नावासकट साठवून ठेवावेत. डोळ्यांसमोर हाणामारी चालू असेल, कुणी शुद्ध हरपून पडला असेल, किंवा आग व स्फोटाचा धोका दिसत असेल, तर ११२ वरच फोन करावा, कारण १९३३ ही माहिती देण्याची सोय आहे, तातडीच्या मदतीची नाही. घरातील कुणाला व्यसन लागले असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्याचा मार्गही अर्थातच खुला आहे, आणि एनडीपीएस कायद्याखाली पोलिसांनाही छापा, जप्ती व अटकेचे अधिकार आहेत. तरी ज्या वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे पोलीस ठाण्याची पायरी चढताना माणूस कचरतो, हे मी पाहिलेले आहे. अशांसाठी १९३३ हा मार्ग अधिक सोयीचा आहे.

काय टिपावे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझे सुटे भाग घडवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतील एक गाळा बरेच महिने रिकामा राहून एकाएकी भाड्याने गेला. दर्शनी भागावर नावाची पाटी लागली नाही. खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलेले होते. दिवसपाळी सुटताना आजूबाजूच्या प्रत्येक शेडमधून डबे घेतलेली माणसे बाहेर पडतात, तशी तिथून कुणीच पडत नसत, पण रात्री बारानंतर एक्झॉस्ट पंखा मात्र चालू होई आणि डोळ्यांना झोंबेल असा उग्र वास गल्लीभर पसरे. आठवड्यातून एकदा छोट्या टेम्पोतून निळी बॅरल येत आणि ती पहाट होण्याआधी उतरवली जात.

मी एका सरकारी यंत्रणेला फोन केला आणि “मागच्या गल्लीत काहीतरी गैर चालू आहे” असे सांगितले. पलीकडच्या माणसाने भूखंड क्रमांक विचारला. मला तो माहीत नव्हता. वाहनाचा क्रमांक विचारला. तो मी पाहिलेला नव्हता. कोणत्या दिवशी, किती वाजता, या प्रश्नांना मी “नेहमीच” असे उत्तर दिले. त्या फोनचे पुढे काही झाले नाही, आणि तो कर्मचारी त्या माहितीवर कुणालाही कुठेच पाठवू शकला नसता, हे मला नंतर कळले. त्यानंतर चार रात्री मी घरी निघताना नेहमीच्या वाटेनेच गेलो आणि वर्कशॉपमध्ये परतल्यावर जॉबकार्डाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने एकेक ओळ लिहीत गेलो: शेजारच्या कारखान्याच्या पाटीवरून काढलेला भूखंड क्रमांक, शटरचा रंग, पंखा सुरू झाल्याची वेळ, टेम्पोचा क्रमांक, उतरवलेल्या बॅरलांची संख्या. दुसऱ्या वेळी फोन केला तेव्हा बोलणे मोजून सात मिनिटे चालले आणि तिसऱ्या दिवशी त्या गाळ्याची तपासणी झाली. तिथे अमली पदार्थ सापडले नाहीत. परवान्याशिवाय थिनरची भेसळ चालू होती. माझा अंदाज चुकला, पण मी पाहिलेले खोटे नव्हते, आणि भरवस्तीत ज्वलनशील द्रव्यांचा साठा चालू राहिला नाही.

म्हणून टिपण्याची रीत नीट समजून घ्यावी. जागा अशी सांगावी की परक्या माणसाला कुणालाही न विचारता तिथे पोहोचता यावे: औद्योगिक वसाहत, भूखंड किंवा गाळा क्रमांक, जवळची ठळक खूण, प्रवेश कोणत्या रस्त्याने, मागच्या बाजूला दुसरे दार आहे का. वेळ सांगताना वार, तारीख आणि घड्याळाची वेळ सांगावी. वाहन असेल तर क्रमांक, रंग आणि प्रकार. क्रमांक अर्धाच दिसला असेल तर अर्धाच सांगावा, उरलेला अंदाजाने पुरा करू नये. माणसांविषयी सांगताना संख्या, अंदाजे वय आणि कपडे पुरेसे असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले हे तीन वेगवेगळे ठेवावे. “रात्री दीड वाजता मी स्वतः चार बॅरल उतरताना पाहिली”, “वॉचमन म्हणाला की भाडे रोखीने मिळते”, “मला वाटते की आत रसायने उकळत असावीत”, ही तीन वाक्ये तीन वेगळ्या वजनाची आहेत. ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांतील फरक कळला तरच तो पुढचे पाऊल ठरवू शकतो.

कशाला खूण मानू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. चार परप्रांतीय कामगार एका खोलीत राहतात, तरुण मुले रात्री उशिरा घरी येतात, कुणाची भाषा किंवा धर्म वेगळा आहे, या गोष्टी कशाच्याही खुणा नाहीत, आणि अशा आधारावर दिलेली खबर निरपराध माणसाला छळते व यंत्रणेचा वेळ खाते. खूण वागण्यातील विसंगतीत असते. उत्पादनाचा मागमूस नसताना रात्रीचा पंखा आणि विजेचा मोठा वापर, रहदारी नसलेल्या कोपऱ्यावर दोन-दोन मिनिटांसाठी थांबणाऱ्या दुचाक्यांची रांग, चिठ्ठीशिवाय गोळ्यांच्या पट्ट्या विकणारे पानटपरीवजा दुकान, ही त्याची उदाहरणे. मालेगावात ज्याला ‘कुत्ता गोली’ म्हणतात ती मुळात अल्प्राझोलाम या झोपेच्या व चिंतेवरच्या औषधाची गोळी असते. औषध म्हणून ती वैध आहे, परंतु डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय शेकड्यांनी होणारी तिची विक्री वैध नाही. असे दुकान लक्षात आल्यास ही बाब आपल्या अधिकाराबाहेरची आहे असे समजू नये.

गावाकडच्या वाचकांसाठी एक वेगळी बाब. तुरीत, कपाशीत किंवा उसात गांजाची झाडे लावलेली आढळली, तर कायद्याच्या कलम ४६ नुसार त्या जमिनीच्या धारकावर आणि कलम ४७ नुसार सरपंच, पंच व गावकामगारांवर ताबडतोब माहिती देण्याची जबाबदारी आहे. इतर नागरिकांसाठी खबर देणे हा कर्तव्यबुद्धीचा भाग आहे; या मंडळींसाठी तो कायद्याने ठरवून दिलेला भाग आहे.

फोनवर नेमके काय बोलावे

बोलणे सुरू करताना प्रस्तावना नको. माझ्या मते सर्वांत चांगली सुरुवात अशी: “मला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्याविषयी माहिती द्यायची आहे. मी नाव सांगू इच्छित नाही. लिहून घ्यायला तयार असाल तर जागा सांगतो.” त्यानंतर जागा, वेळ, वाहन, माणसे, आणि अगदी शेवटी आपला अंदाज. पुढची हालचाल कधी होण्याची शक्यता आहे हे माहीत असेल तर ते आवर्जून सांगावे. “दर शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास टेम्पो येतो” या एका वाक्याची किंमत सगळ्या वर्णनापेक्षा जास्त असू शकते. ही माहिती आपल्याशिवाय आणखी कुणाला आहे, हे विचारले तर खरे सांगावे, कारण गुप्तता किती टिकेल हे अधिकाऱ्यांना त्यावरून ठरवावे लागते. बोलणे संपल्यावर फोन केल्याची तारीख आणि वेळ स्वतःजवळ लिहून ठेवावी.

“लिहून घ्या” हा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे बंद जागेत शिरून झडती घ्यायची असेल तर अधिकाऱ्याने मिळालेली माहिती आधी लेखी नोंदवावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत आपल्या वरिष्ठाकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय जायचे असेल तर त्याची कारणेही लिहावी लागतात. या तरतुदीचे पालन अजिबात झाले नसेल तर खटला टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९ मध्ये कर्नैल सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे. शिवाय २०२० च्या तोफान सिंग निकालापासून, आरोपीने कलम ६७ खाली एनसीबीच्या अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीजबाबाचा पुरावा म्हणून वापर करता येत नाही. म्हणजे कबुलीवर विसंबून राहण्याची सोय उरली नाही. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पद्धतीने जप्त झालेला मुद्देमाल हाच खटल्याचा कणा झाला. अशा स्थितीत आपण दिलेला भूखंड क्रमांक चुकीचा निघाला, तर नुकसान केवळ वाया गेलेल्या एका फेरीचे राहत नाही. खरा गाळा तोपर्यंत रिकामा झालेला असतो.

नाव उघड होईल ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. कायद्याने तिची दखल घेतली आहे: कलम ६८ नुसार गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती कोणत्याही अधिकाऱ्यावर करता येत नाही. तरीही गुप्ततेचा अर्धा भाग आपल्याच हातात असतो. आपण फोन केला हे सोसायटीच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर किंवा घरातल्या लहानांसमोर बोलू नये. दुसऱ्या बाजूने, द्वेषबुद्धीने आणि जाणूनबुजून खोटी माहिती देऊन कुणाची झडती किंवा अटक घडवून आणणाऱ्यास कलम ५८ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाऊबंदकीचा वाद, भाडेकरूशी भांडण, धंद्यातील वैर यांसाठी या हेल्पलाइनचा वापर करू पाहणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावे. सद्बुद्धीने दिलेली माहिती चुकीची निघणे हा मात्र गुन्हा नाही.

काय करू नये, हे थोडक्यात: पाठलाग करू नये, आत डोकावू नये, गिऱ्हाईक बनून माल मागू नये. सापडलेली पुडी उचलू नये, कारण ताबा हाच या कायद्यात गुन्ह्याचा आधार आहे आणि ताब्यात सापडलेल्या मालाचा खुलासा देण्याचा भार कलम ५४ मुळे त्या माणसावर येतो. छायाचित्र काढायचे तर आपल्या घराच्या खिडकीतून किंवा रस्त्यावरून सहज निघेल तेवढेच. आणि कोणत्याही परिस्थितीत ते व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये. आपल्या गल्लीच्या समूहात त्या गाळ्याचा मालक नसतो याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पंच म्हणून बोलावले तर

कारवाई प्रत्यक्ष होते तेव्हा परिसरातील दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यक्तींना पंच म्हणून बोलावण्याची पद्धत आहे. माणसे यावेळी दारे लावून घेतात, हे दुःखद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार लेखी आदेश मिळूनही योग्य कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरू शकतो, पण त्या भीतीपेक्षा मी वेगळे कारण पुढे करतो. एनडीपीएसचे खटले अनेकदा पंचांच्या साक्षीवर उभे राहतात किंवा कोसळतात. स्वतंत्र पंच नसतील तर बचाव पक्ष पहिला प्रश्न तोच विचारतो.

पंच झाल्यावर आपले काम पाहणे आणि पाहिलेले खरे सांगणे एवढेच आहे. पोहोचल्याची वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवावी. व्यक्तीच्या अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा तुमचा हक्क आहे, असे कलम ५० नुसार त्या व्यक्तीला सांगितले गेले का, हे कान देऊन ऐकावे. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण आता संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. ते चालू झाले का, हे पाहावे. माल कुठून निघाला, कोणत्या पिशवीत होता, वजनकाट्यावर आकडा किती दिसला, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. लाखेची मोहोर उमटली का आणि चिठ्ठीवरची सही आपलीच आहे का, हेही पाहावे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले जातात, त्यामुळे जागेवरच नमुना काढला नाही म्हणून संशय घेण्याचे कारण नाही. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये. साक्षीचे समन्स काही वर्षांनी येऊ शकते. त्या दिवशी घरी परतल्यावर काय पाहिले ते दिनांकासह वहीत लिहून ठेवल्यास आठवण ताजी करताना स्वतःला मदत होते.

वजनाकडे एवढे लक्ष का द्यायचे, तर शिक्षा वजनावर ठरते. मेफेड्रोनचे २ ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण अल्प आणि ५० ग्रॅमपेक्षा जास्त प्रमाण व्यापारी मानले जाते. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. व्यापारी प्रमाणाला किमान १० ते कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि १ ते २ लाख रुपये दंड आहे, तर अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काट्यावरचा आकडा पंचाने स्वतः वाचणे हा आरोपीच्याही न्यायाचा प्रश्न आहे.

गाळा, गाडी आणि दुकान ज्यांचे आहे त्यांनी

कायद्याचे कलम २५ सांगते की आपली जागा किंवा वाहन अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. “मला माहीत नव्हते” हे म्हणणे सिद्ध करण्यासाठी काहीतरी हातात लागते. म्हणून भाडेकरार नोंदणीकृत करावा, भाडे बँकेतून घ्यावे, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवून पोच जपावी, व्यवसायाचा परवाना आणि जीएसटी नोंदणी पाहावी, आणि करारात ‘पूर्वसूचनेने पाहणीचा अधिकार’ असे कलम घालून तो अधिकार महिन्यातून एकदा खरोखरच वापरावा. बाजारभावापेक्षा दुप्पट भाडे, तेही सहा महिन्यांचे आगाऊ आणि रोखीने, देऊ करणाऱ्याला नाही म्हणायला धैर्य लागते. विशेषतः हप्ते थकलेले असताना. सिंहस्थ २०२७ च्या तयारीमुळे सध्या पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रस्ता या भागांत खोल्या आणि बंगले कमी मुदतीवर देण्याची घाई आहे. तिथे तर ही काळजी दुप्पट हवी.

द्राक्षे, कांदा, टोमॅटो वाहणाऱ्या गाडीमालकांसाठी कलम ६० महत्त्वाचे आहे. अमली पदार्थ वाहिलेले वाहन सरकारजमा होऊ शकते, आणि ते वाचवायचे तर मालकाला केवळ अज्ञान नव्हे, तर त्याने व चालकाने वाजवी खबरदारी घेतली होती हेही दाखवावे लागते. परतीच्या फेरीत कागदपत्रांविना ‘एक-दोन खोकी’ घेऊ नयेत असा लेखी दंडक चालकाला देणे ही अशीच एक खबरदारी आहे. औषधविक्रेत्यांनी एच-१ अनुसूचीतील औषधांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी. आणि ज्या कारखानदारांचा ॲसेटिक ॲनहायड्राइड, इफेड्रिन, स्यूडोइफेड्रिन यांसारख्या नियंत्रित रसायनांशी संबंध येतो, त्यांनी २०१३ च्या आदेशानुसार एनसीबीकडे नोंदणी करून घेतली पाहिजे. नोंदणी क्रमांकाशिवाय माल मागणारा ग्राहक ही स्वतःच एक खबर आहे.

घरातच कुणी अडकला असेल तर

खबर द्यावी की नाही, हा प्रश्न सर्वांत जड होतो तो घरातल्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडते तेव्हा. आईवडिलांना वाटते की कुणाला कळवले तर मुलगा तुरुंगात जाईल, आणि मग मौनातच महिने जातात. कलम ६४-अ इथे माहीत असायला हवे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर त्या आरोपाच्या खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते, म्हणून उपचारकेंद्राची कागदपत्रे आणि तारखा नीट ठेवाव्यात. १४४४६ वर आधी बोलावे. पुरवठादाराविषयी मुलगा काही सांगायला तयार झाला तर ते १९३३ वर कळवावे, पण मुलाला त्याच्याकडे पुन्हा पाठवून ‘खात्री’ करून घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

एनसीबीच्या नावाने येणारे फोन

“तुमच्या आधारकार्डावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, आम्ही एनसीबीतून बोलतोय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका” अशी सुरुवात असलेले फोन हे भामट्यांचे असतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. एनसीबी किंवा पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे कोणत्याही खात्यावर मागत नाहीत. निवृत्त माणसे यात आयुष्याची पुंजी गमावतात, कारण त्यांना कायद्याची भीती खरी वाटते. असा फोन आला तर तो सरळ बंद करावा, आणि पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० वर कळवावे.

कळवल्यानंतर

खबर दिल्यावर परत फोन येईल, काय झाले ते सांगितले जाईल, अशी अपेक्षा धरू नये. तपास गुप्त राहण्यासाठी ते आवश्यक असते, आणि कधी कधी मोठी साखळी हाती लागावी म्हणून समोरचा छोटा विक्रेता काही काळ मुद्दाम मोकळा ठेवला जातो. जप्ती झाल्यास खबर देणाऱ्याला बक्षीस देण्याची शासकीय तरतूद आहे. तिचा लाभ घ्यायचा असेल तर त्याविषयी फोन करतानाच विचारावे. दोन-तीन आठवड्यांनीही तोच पंखा, तोच टेम्पो आणि तीच वेळ दिसत राहिली, तर पुन्हा १९३३ लावावा, पहिल्या फोनची तारीख व वेळ सांगावी, आणि मधल्या दिवसांत जॉबकार्डाच्या पाठीवर जमलेल्या नव्या ओळी एकेक करून वाचून दाखवाव्यात.